२१४७४८३६४७ : या संख्येचे स्वतःचे गुणधर्म कोणते आणि आपण तिला चिकटवलेले कोणते?

घातांक

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केलंय त्यांना ही संख्या बघताक्षणी ओळखू येते. चिन्हासह ३२ बिटांच्या पूर्णांकाची ती वरची हद्द. पण संगणक जन्मायच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून ती गणितात प्रसिद्ध आहे, आणि तो मान तिला लेओनहार्ड ऑयलरने मिळवून दिला. १७७२ साली त्याने दाखवलं की ही मूळ संख्या आहे: १ आणि स्वतः सोडून तिला कुणीच भागत नाही. पुढे कित्येक वर्षं यापेक्षा मोठी सिद्ध झालेली मूळ संख्या जगात कुणाकडे नव्हती. १८६७ मध्ये फ्रान्सच्या लांद्रीने २^५९ − १ (२ चा ५९ वा घात वजा १) चे अवयव पाडताना ३२०३४३१७८०३३७ ही तेरा अंकी मूळ संख्या शोधली, तोवर हिचा पहिला नंबर गेलेला होता.

संख्यांची माहिती देणारी पानं आंतरजालावर पुष्कळ आहेत. तिथे कुठल्याही मोठ्या संख्येसमोर तीस-चाळीस लेबलं एकाखाली एक लावलेली असतात: विषम, मूळ, न्यून, अमुक पद्धतीत पॅलिंड्रोम, अंकांची बेरीज इतकी. सगळी एकाच मापाची असल्यासारखी. मला ते खटकतं. "अंकांची बेरीज ४६" आणि "मर्सेन मूळ संख्या" या दोन गोष्टी एका रांगेत बसत नाहीत. पहिली आपण दहा बोटांवर मोजतो म्हणून आहे. दुसरी, माणूसच नसता तरी राहिली असती.

म्हणून हा धागा. एकच संख्या घेऊ आणि तिचे गुणधर्म नीट निवडू. सुरुवात मी करतो.

२१४७४८३६४७ = २^३१ − १. द्विमान पद्धतीत लिहिली तर ओळीने एकतीस वेळा १, दुसरं काही नाही. २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या आली तर तिला मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या ओळीत हिचा क्रमांक आठवा. घातांक अनुक्रमे २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१. शिवाय इथला घातांक ३१ हा स्वतःच मर्सेन मूळ संख्या आहे (२^५ − १). अशा "दुहेरी मर्सेन" मूळ संख्या आजवर चारच माहीत आहेत: ७, १२७, आपली २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १. ही चौथी ३९ अंकी आहे.

आणखी एक गुणधर्म, सिद्धता एका ओळीची. ८ ने भागल्यावर हिची बाकी ७ उरते. कुठल्याही वर्गसंख्येला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येऊ शकते, आणि यातल्या तीन घेऊन ७ जमत नाहीत. म्हणजे दोन किंवा तीन वर्गांची बेरीज म्हणून ही संख्या कधीच लिहिता येणार नाही, चार वर्ग लागणारच.

तुमच्याकडचे गुणधर्म लिहा, आणि ते कुठल्या गटात टाकाल तेही.

निळी_शाई

वाचतेय. गणित बारावीनंतर सुटलं, पण एक शंका आहेच. १७७२ मध्ये ऑयलरची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती ना? मग दहा अंकी संख्या मूळ आहे हे त्याने तपासलं कसं? वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं असं आम्हाला शिकवलं होतं. इथे वर्गमूळच ४६,३४० च्या घरात आहे. तिथपर्यंत काही हजार मूळ संख्या असतील!

घातांक

हो, तोवर तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि डोळे गेलेच होते. आकडेमोड तोंडी, लिहून घ्यायला मदतनीस. बर्नुली घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात त्याने हा निकाल कळवला.

४६,३४० पर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. पण ऑयलरने त्या सगळ्यांनी भागलं नाही. भागाकार करण्याआधी त्याने विचारलं: समजा कुणी मूळ संख्या 'क' हिला भागते, तर ती 'क' दिसेल कशी? सगळी गंमत या प्रश्नात आहे, म्हणून जरा सावकाश लिहितो.

पहिली पायरी. 'क' ने २^३१ − १ ला भाग जातो, म्हणजे २^३१ ला 'क' ने भागलं की बाकी १. आता २, ४, ८, १६... असे घात घेत प्रत्येकाला 'क' ने भागत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा कधी येते? जिथे पहिल्यांदा येते त्या घातांकाने ३१ ला भाग गेलाच पाहिजे. ३१ मूळ आहे, म्हणून तो घातांक १ किंवा ३१. एक असू शकत नाही, कारण २ ला भागून बाकी १ उरायला 'क' च १ असावा लागेल. म्हणजे ३१. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धान्त सांगतो की २^(क−१) ला 'क' ने भागून बाकी १ उरतेच. म्हणून ३१ ने (क − १) ला भाग जातो. 'क' विषम असल्याने (क − १) सम आहे. म्हणजे (क − १) ही ६२ ची पट. उमेदवार उरले फक्त ६३, १२५, १८७, २४९... या ओळीतले.

दुसरी पायरी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे 'क' ने भागल्यावर बाकी २ देणारी वर्गसंख्या अस्तित्वात आहे. हे फक्त त्याच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत घडतं, ज्या ८ च्या पटीपेक्षा एकने जास्त किंवा एकने कमी असतात.

दोन्ही अटी एकत्र केल्या की 'क' ला दोनच रूपं उरतात: २४८न + १ किंवा २४८न + ६३. ४६,३४० पर्यंत अशा संख्या मोजा: पहिल्या ओळीत १८६, दुसऱ्या ओळीत ६३ सोडून (ती तर ९ × ७) आणखी १८६. एकूण ३७२. त्यातही ज्या ३, ५, ७ वगैरेंनी भाग जाऊन संयुक्त ठरतात त्या गाळायच्या. उरलेल्यांनी भागायचं. कुणाचाच भाग जात नाही. संपलं.

४,८०० भागाकारांच्या जागी शंभराच्या आतबाहेर. अंध माणसाने हे केलं याचं कौतुक सगळे करतात, करायलाच हवं. मला त्याहून जास्त कौतुक याचं वाटतं की भागाकार सुरू होण्याआधीच जवळजवळ सगळं काम झालेलं होतं.

सातारी_मास्तर

घातांक, उत्तम मांडलंत. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. हीच युक्ती नववी-दहावीच्या मुलांना छोट्या संख्यांवर करून दाखवता येते, आणि मुलं थक्क होतात.

२^११ − १ = २०४७ घ्या. विभाजक २२न + १ या रूपाचे हवेत. पहिलाच उमेदवार २३, आणि २०४७ = २३ × ८९. दोन मिनिटांत निकाल. मग २^२३ − १ = ८३८८६०७ फळ्यावर लिहायची. वर्ग गप्प होतो, कारण सात अंक आहेत. विभाजक ४६न + १ असणार, पहिला उमेदवार ४७. भागून बघा: ८३८८६०७ = ४७ × १७८४८१. पहिल्याच फटक्यात. सात अंकी संख्येचा विभाजक असा हातात आला की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा तास दर वर्षी घेतो.

आता इतिहासाचं. इटलीच्या काताल्दीने १७ आणि १९ हे घातांक बरोबर सोडवले होते (१३१०७१ आणि ५२४२८७ या मूळ संख्या). त्यानंतर त्याने २३, २९, ३१, ३७ हेही मूळ संख्या देतात असं सांगितलं. २३ आणि ३७ फर्माने १६४० मध्ये खोडून काढले. २९ ऑयलरने खोडला: ५३६८७०९११ = २३३ × ११०३ × २०८९. चौघांपैकी टिकला एकटा ३१.

मर्सेनने १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची यादी छापली, तिच्यामुळे या संख्यांना त्याचं नाव मिळालं. त्या यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ३१ मात्र यादीत होता. २^६७ − १ चे अवयव १९०३ मध्ये अमेरिकेच्या कोलने काढले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. नुसता हा गुणाकार हाताने करून बघा, मग अवयव शोधायला काय लागलं असेल याचा अंदाज येईल.

परिपूर्ण संख्येचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून मी करतो. स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच आली तर ती परिपूर्ण संख्या: ६, २८, ४९६, ८१२८... युक्लिडने दाखवलं की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येमागे एक परिपूर्ण संख्या येते. ऑयलरने उलट बाजू सिद्ध केली, की सम परिपूर्ण संख्या दुसऱ्या कुठल्याच रूपात येत नाहीत. आपल्या संख्येतून निघणारी आठवी परिपूर्ण संख्या:

२^३० × २१४७४८३६४७ = २३०५८४३००८१३९९५२१२८

हिच्याबद्दल पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहिलं होतं की यापुढची परिपूर्ण संख्या कुणाला कधी सापडणार नाही, कारण या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसती नवलाई आहे. इतकी मेहनत कोण घेणार? १८७६ मध्ये ल्युकाने २^१२७ − १ मूळ असल्याचं सिद्ध केलं. १८८३ मध्ये पेर्वूशिन नावाच्या रशियन धर्मगुरूने २^६१ − १ सिद्ध केली. मेहनत घेणारे निघाले.

निळी_शाई

समजलं! दुसरी पायरी दोनदा वाचावी लागली, पण समजली. घातांक, एक विचारू? ल्युकाने ३९ अंकी संख्या तपासली ती याच पद्धतीने का? तिथे तर ३७२ च्या जागी अब्जावधी उमेदवार येतील.

घातांक

नाही, ती वाट पूर्ण वेगळी. भागायचंच नाही. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. हेच पुन्हा पुन्हा. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. ल्युकाच्या कल्पनेला हे नेटकं रूप पुढे लेमरने दिलं.

३१ वर करून बघा. घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या: ४ → १४ → १९४, म्हणजे बाकी ८ → ६२, म्हणजे बाकी ०. मूळ.

२०४७ वर नऊ पायऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. संयुक्त. विभाजक २३ आहे की ८९ हे या तपासणीला कळतही नाही, तरी निकाल पक्का.

२१४७४८३६४७ ला फक्त २९ पायऱ्या लागतात. चिकाटी असेल तर एका रविवारी वहीवर होईल. आज माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या, २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत, आणि तिच्यावर शेवटचा शिक्का याच चाचणीने बसला. तीसुद्धा मर्सेनच.

बिट_बाय_बिट

संगणकाची बाजू मी घेतो. घातांक यांनी "आपण चिकटवलेले" म्हटलंय, पण ३२ बिटांची हद्द ही या संख्येला अगदीच बाहेरून लागलेली नाही, असं माझं म्हणणं आहे.

३२ बिटांपैकी एक बिट चिन्हासाठी जातो, उरले ३१. सगळे १ केले की ही संख्या. त्यात १ मिळवला की बऱ्याच यंत्रांत उत्तर येतं −२१४७४८३६४८. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरच्या एका कोरियन गाण्याची प्रेक्षकसंख्या या हद्दीवर पोचली आणि त्यांनी मोजणी ६४ बिटांवर नेली हे आठवत असेल. पुढची तारीख सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. युनिक्स पद्धतीत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. ३२ बिटांत ठेवलेला हा काटा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी २१४७४८३६४७ वर येईल. पुढच्या सेकंदाला तो थेट डिसेंबर १९०१ दाखवेल. मोठ्या यंत्रणा ६४ बिटांवर गेल्यात, जात आहेत. भीती आहे ती भिंतीत, मीटरमध्ये, कारखान्यातल्या यंत्रात बसवलेल्या आणि कुणी पुन्हा न उघडलेल्या छोट्या चिप्सची. मी याच क्षेत्रात काम करतो आणि अशा चिप्स अजून सर्रास भेटतात.

आता गणिताला जोडणारा मुद्दा. चिन्हासह पूर्णांकाच्या हद्दी बघा:

८ बिट: १२७, मूळ.
१६ बिट: ३२७६७ = ७ × ३१ × १५१.
३२ बिट: २१४७४८३६४७, मूळ.
६४ बिट: ९२२३३७२०३६८५४७७५८०७, संयुक्त. घातांक ६३ ला ७ ने भाग जातो, म्हणून या संख्येला २^७ − १ म्हणजे १२७ ने भाग जातो.

यंत्राच्या 'शब्दात' (एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या बिटांच्या गटात) मावणारी सर्वात मोठी संख्या मूळ निघावी हा योग ३२ बिटांवर जुळला, आणि लोकांनी त्याचा उपयोग करून घेतला. यादृच्छिक संख्या तयार करायची एक जुनी, साधी रीत आहे: हातातल्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी ही पुढची संख्या. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... अशा येत जातात. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते, मगच फेरी पूर्ण होते. ही पूर्ण फेरी मिळते कारण भाजक मूळ आहे आणि १६८०७ (म्हणजे ७ चा पाचवा घात) योग्य निवडलेला आहे. नेमकं कसं? २१४७४८३६४६ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. यात ५ नाही, म्हणून नुसत्या ७ ने गुणत गेल्यावर जी पूर्ण फेरी मिळते, तितकीच लांब फेरी ७ चा पाचवा घातही देतो. ही रीत आपल्या प्रोग्रॅममध्ये बरोबर उतरली का हे बघायची खूणही ठरलेली आहे: १ पासून निघून दहा हजाराव्या पायरीला १०४३६१८०६५ आली पाहिजे.

ऑयलरचं काम नसतं तर हे उभं राहिलं नसतं. म्हणून संगणकातली हद्द आणि मर्सेनपण यांत मी भिंत घालणार नाही. दोन्हींचं मूळ एकच: ओळीने एकतीस वेळा १.

त्रिज्या

शेजारीपाजारी बघितले का कुणी?

दुप्पट करून १ मिळवा: ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. आजवर माहीत असलेल्या पाचही फर्मा मूळ संख्या (२ च्या घातात १ मिळवून येणाऱ्या विषम मूळ संख्या), प्रत्येकी एकदा, दुसरं काही नाही! गाउसच्या निकालानुसार नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांमध्ये सर्वात जास्त बाजूंचा, आज माहीत असलेला, तो हाच: ४२९४९६७२९५ बाजूंचा.

त्यात आणखी २ मिळवा: ४२९४९६७२९७. ही फर्माला मूळ वाटली होती. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ ने भागून दाखवली: ६४१ × ६७००४१७. एकाच माणसाने यातली एक मोडली आणि चाळीस वर्षांनी दुसरी पक्की केली, आणि दोन्हींना हत्यार तेच, विभाजकाचं रूप आधी ठरवणं.

आपल्या संख्येत २ मिळवले तर २१४७४८३६४९ = ३ × ७१५८२७८८३, आणि ती ७१५८२७८८३ पण मूळ. दोन वजा केले तर शेवटी ५. म्हणजे जुळी मूळ संख्या हिला नाही, ना वर ना खाली.

हे सगळे गुणधर्म मी "संख्येचे स्वतःचे" मध्ये टाकेन.

देवळालीकर

धागा सुंदर चाललाय, पण सुरुवातीच्या लेखातल्या एका वाक्याला माझा विरोध आहे. दहा बोटांमुळे आलेले गुणधर्म म्हणजे दुय्यम, असा त्याचा सूर आहे.

आमच्या देवळालीत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) शाळेत शिक्षक होते. त्यांचं आयुष्यभराचं काम अंकांवरचं, दशमान अंकांवरचं. ६१७४, म्हणजे कापरेकर स्थिरांक, सगळ्यांना माहीत असते. मला त्यांची स्वयंभू संख्यांची कल्पना जास्त मोठी वाटते. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ९१ + १० = १०१. मग ९१ ही १०१ ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो, त्या स्वयंभू: १, ३, ५, ७, ९, २०, ३१... (३१ आहे बघा त्यात!) आणि काहींना एकाहून जास्त जनक असतात. १०१ ला ९१ शिवाय १०० पण आहे, १०० + १ = १०१. अशांना कापरेकर जंक्शन म्हणायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये कापरेकरांवर लिहिलं तेव्हा जगाने दखल घेतली. तोवर आपल्याकडे कित्येकांनी हे पोरखेळ म्हणून सोडून दिलं होतं. म्हणून "दहा बोटांची गोष्ट" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

आता आपल्या संख्येचा जनक शोधू. ९ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचा विचार केला की जनकाच्या अंकांची बेरीज ५, १४, २३, ३२, ४१, ५०, ५९... यांपैकीच असायला हवी. एकेक तपासली:

२१४७४८३६०६ च्या अंकांची बेरीज ४१, आणि २१४७४८३६०६ + ४१ = २१४७४८३६४७.
२१४७४८३५९७ च्या अंकांची बेरीज ५०, आणि २१४७४८३५९७ + ५० = २१४७४८३६४७.

दोन जनक. तिसरा नाही. ऑयलरची मूळ संख्या कापरेकरांच्या भाषेत जंक्शन आहे. हे मी कुठे वाचलेलं नाही, वहीवर काढलं. याला तुम्ही चिकटवलेलं लेबल म्हणणार का?

घातांक

देवळालीकर, जनक काढून दाखवलेत हे मनापासून आवडलं. कापरेकरांचं काम कमी लेखायचा हेतू नाही आणि नव्हता. त्यांची कल्पना, संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवणं, कुठल्याही पायावर (दहा असो वा दोन) चालते, आणि तीच मोठी आहे. माझा प्रश्न निकालाबद्दल होता: "२१४७४८३६४७ जंक्शन आहे" हे शेवटच्या ६४७ या तीन अंकांवर ठरतंय, मर्सेनपणावर नाही. शेवटी ६४७ आणि आधीच्या अंकांची बेरीज २९ असलेली दुसरी कुठलीही संख्या घेतली तरी ६०६ आणि ५९७ वाले हे दोन जनक तसेच येतील.

पण मग तुमचीच क्रिया या संख्येच्या घरच्या पद्धतीत, द्विमान पद्धतीत, करून का बघू नये?

देवळालीकर

केली. काल रात्री झोप लागली नाही. नीट लिहितो.

आपली संख्या म्हणजे ३१ वेळा १. तिच्यातून छोटी संख्या 'स' वजा केली, तर 'स' मध्ये जिथे १ आहे तिथे उत्तरात ० येतो, बाकी सगळे १ तसेच. म्हणजे उत्तरातल्या द्विमान अंकांची बेरीज = ३१ − ('स' मधल्या अंकांची बेरीज). हे उत्तर जनक असायचं तर ही बेरीज 'स' इतकीच हवी. म्हणजे:

स + ('स' च्या द्विमान अंकांची बेरीज) = ३१

म्हणजे 'स' हा ३१ चा जनक! दोन अब्जांच्या संख्येचा प्रश्न ३१ वर आला. ३१ चे द्विमान जनक शोधा: २७ म्हणजे ११०११, बेरीज ४, २७ + ४ = ३१. २८ म्हणजे १११००, बेरीज ३, २८ + ३ = ३१. दोन. म्हणून:

२१४७४८३६४७ − २७ = २१४७४८३६२०, द्विमान अंकांची बेरीज २७.
२१४७४८३६४७ − २८ = २१४७४८३६१९, द्विमान अंकांची बेरीज २८.

द्विमान पद्धतीतही जंक्शन, आणि इथे शेवटच्या तीन अंकांचा काही संबंध नाही. हे घातांकावरून आलंय. आणि ३१ ला दोन जनक का? कारण ३१ = २^५ − १, आणि ५ ला दोन आहेत: ३ (११, ३ + २) आणि ४ (१००, ४ + १). ३१ − ३ = २८, ३१ − ४ = २७. तेच दोन.

५ जंक्शन, म्हणून ३१ जंक्शन, म्हणून २१४७४८३६४७ जंक्शन.

बिट_बाय_बिट

प्रोग्रॅम लिहून तपासलं. २^३१ च्या खालच्या संख्यांत हे दोनच जनक सापडले, बरोबर २१४७४८३६१९ आणि २१४७४८३६२०.

आणि साखळी पुढेही जाते ना? २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १. तिच्यात ६४ कोटींहून जास्त अंक आहेत. ती मूळ नाही, कारण २९५२५७५२६६२६०३१ ने तिला भाग जातो. (घातांक यांच्या नियमाप्रमाणे हा विभाजक २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १ आहे.) पण जंक्शन तीही असणार, मूळ असो वा नसो.

त्रिज्या

मग दुसरी साखळी पण बघा: २, ३, ७, १२७, २^१२७ − १. इथे २ ला एकच जनक, १. म्हणून ३ ला एक (२), ७ ला एक (५), १२७ ला एक (१२२). ल्युकाच्या ३९ अंकी संख्येलाही एकच: तिच्यातून १२२ वजा करा.

म्हणजे चार दुहेरी मर्सेन मूळ संख्यांत दोन जनक असलेली ही एकटी.

सातारी_मास्तर

आणि स्वयंभू? १३ चा द्विमान जनक शोधून बघितला: ९ वरून ११ येते, १० वरून १२, ११ वरून १४, १२ वरूनही १४. १३ येतच नाही. म्हणून २^१३ − १ = ८१९१ ही मर्सेन मूळ संख्या द्विमान पद्धतीत स्वयंभू आहे. १७ ला दोन जनक (१४, १६), १९ ला दोन (१५, १७), म्हणजे १३१०७१ आणि ५२४२८७ जंक्शन.

घातांक

देवळालीकर, सुरुवातीच्या लेखात मी केलेले गट आता बदलावे लागतील. दशमान जंक्शन आणि द्विमान जंक्शन मी वेगळे लिहितो. द्विमान जंक्शन "स्वतःचे गुणधर्म" मध्ये, मर्सेनपणाच्या लगेच खाली. पुढचा घातांक ६१ घेतोय. ५७ + ४ = ६१ हा एक जनक मिळाला. ५५ वरून ६०, ५६ वरून ५९, ५८ वरून ६२, ५९ वरून ६४, ६० वरूनही ६४. दुसरा दिसत नाही. ८९, १०७ आणि १२७ च्या पुढचा ५२१ कुणी घेतंय का?